शेजाऱ्याचं विमान आणि माझी गिरणी

"वजन किती?"

भेटल्यावर त्याचा पहिला प्रश्न हाच. तुमच्या खांद्यावर फणस असो नाहीतर दारात नव्या सुनेचं कपाट उतरत असो, त्याला वजन हवं. आमच्या घरच्या बारशाला पाळण्यात डोकावून त्याने बाळाचंही वजन विचारलं, आणि सांगितल्यावर "काय न्हाई" म्हणून पेढा तोंडात टाकला. म्हणजे लोड म्हणून काही नाही.

असा एखादा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल. माझ्या वाट्याला रामनगरात भिंतीला भिंत लावून आला. इकडे माझी पिठाची गिरणी, तिकडे त्याचं घर. त्याने जन्मभर पिकअप चालवली, कॅसलरॉकपासून अणशीपर्यंत लोकांचं सामान पोचवलं, गुडघे गेले तेव्हा गाडी विकली. मग मुलीने बेळगावहून तिचा जुना कॉम्प्युटर पाठवला. त्यात खऱ्या जगाच्या नकाशावर विमान उडवायचा खेळ होता. साठीचा माणूस पोथी वाचेल, चौकात बसेल. हा लुंगी वर खोचून विमान उडवू लागला.

बरं, खेळात असलेली चांगली विमानं घेतली असती तर गोष्ट वेगळी. त्याने स्वतःचं बनवलं. खाली होडीसारखं पोट, वर चार पंखे, मधे पिकअपचा हौदा. रंगही आपल्या गाडीचाच पिवळा दिला. ते पाण्यावर बसणार, जागेवरून सरळ वर उठणार आणि वर ओझंही नेणार. मी म्हटलं, "यातलं एक काहीतरी धर की. होडी तरी कर, नाहीतर ट्रक तरी."

"मालक," तो मान न वळवता म्हणाला, "तुमचं बरं हाय. वरनं घाला, खालनं काढा."

माझ्या वीस वर्षांच्या धंद्याचा त्याने एवढ्यात निकाल लावला. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

भांडण खरं विजेवरून होतं. माझी मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडे आणि त्याचा कॉम्प्युटर बंद होई. एकदा त्याचं विमान हवेत असताना मी कुणाची तरी नाचणी दळायला घेतली. तो दारात येऊन उभा राहिला, जणू मी माणूस मारला. शेवटी असं ठरलं, की मोटर लावण्याआधी मी भिंतीवरून ओरडायचं, "चालू करतो रे!" आणि त्याने लगेच विमान खाली घ्यायचं. गिऱ्हाईकं हसायची. हसणारच. पिठाने मिशा पांढऱ्या झालेला माणूस भिंतीकडे तोंड करून विमानाला रस्ता देतोय, हे मीही बाहेरून बघितलं असतं तर हसलो असतो.

तो उतरायचा ते मात्र नेहमी एकाच ठिकाणी, सुप्याच्या धरणाच्या पाण्यावर. तिथे हौद्यात ओझं भरायचा आणि वर उठायला बघायचा. विमान शेपटीवर बसायचं आणि बुडायचं. रोज हेच. म्हैस डबक्यात बसावी तसं ते बसे, आणि मला मनातून बरं वाटे.

एवढं कसलं ओझं, ते त्याच्या आईकडून कळलं. म्हातारी त्याच्याहून खवट. माझ्या गिरणीचं पीठ तिला जळकं लागे. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. सामान ट्रकात चढलं, कोंबड्यासुद्धा चढल्या. राहिलं ते तिचं उखळ, घराच्या जमिनीत पुरलेलं, दगडी. ते उपटायला वेळ नाही, असं ट्रकवाला म्हणाला. नवऱ्याने उखळ सारवलं, वर टोपली पालथी घातली आणि सांगितलं, दिवाळीनंतर पाणी उतरलं की येऊन नेऊ. नदीकाठची माणसं. नदीचं पाणी चढतं तसं उतरतं, एवढंच त्यांना ठाऊक. धरणाचं पाणी उतरून घराची वाट मोकळी करत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"कोंबड्या आणल्या," म्हातारी म्हणायची. "माझं उखळ तेवढं आणाय झालं न्हाई." बापावरचं हे बोलणं बाप गेल्यावर पोराकडे आलं. चाळीस वर्षं ते चालू होतं.

आता म्हातारी अंथरुणाला टेकली होती आणि याला घाई झाली होती. रस्त्यावरचे दगड आणून तो माझ्या काट्यावर ठेवायचा, मग म्हातारीला विचारायचा, एवढं होतं का. एके दिवशी तिला खुर्चीत बसवून माझ्या परसात आणलं. तिथे गिरणीचा झिजलेला दगड पडला होता. तिने त्यावर हात फिरवला. "ह्याच्यापरास जरा जड," म्हणाली. तो दगड काट्यावर चढवताना आम्हा दोघांची कंबर गेली. आलेल्या आकड्यात जरा भर घालून त्याने तेवढं ओझं खेळात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीपाशी आला. "मालक, आज मोटर लावू नका."

बाजाराचा दिवस, दारात डब्यांची रांग. मी त्याला नको ते बोललो आणि मोटर बंद ठेवली. मग एवढं नुकसान कशासाठी केलं ते बघायला त्याच्या घरात गेलो.

म्हातारीला उशांना टेकवून बसवलं होतं. पडद्यावर पाणी, पाण्यावर ते पिवळं ध्यान.

"ही म्हस उडणार?" ती म्हणाली. पहिल्यांदाच आमचं दोघांचं एकमत झालं.

त्याने ओझं हौद्यात पुढे सरकवलं, पिकअपमध्ये केबिनला लावून ठेवतात तसं. पंखे फिरले. विमान डोललं, शेपटी दबली, मी तोंड वाकडं करायची तयारी केली. आणि ते उठलं. पाणी गाळत, कुरकुरत, सरळ वर.

म्हातारी पुढे झुकली.

"हळू ने," ती म्हणाली. "कडंला टवका पडंल."

"व्हय, आये," तो म्हणाला.

श्रावणात ती गेली. उखळाचं पुन्हा कधी बोलली नाही, असं तो म्हणाला. माझ्या पिठाचं मात्र बोलली. दिवाळीनंतर मुलीने त्याला बेळगावला नेलं. जाताना कॉम्प्युटर आमच्याकडे टाकून गेला, "वजन काय न्हाई, ठेवा" म्हणत.

एकदा दुपारी दळण नव्हतं म्हणून मी तो खेळ उघडला. विमान पाण्यावर नव्हतं. रामनगरात उभं होतं, आमच्या भिंतीपलीकडे, त्याच्या परसाची जागा येते तिथे. हौद्यात ओझं शून्य. त्याने ते उतरवून घेतलं होतं.

मी कॉम्प्युटर बंद केला. असल्या खुळ्या माणसाबद्दल याहून जास्त काय लिहायचं. तेवढ्यात कुणीतरी ज्वारी घेऊन आलं. मी डबा ओतला, खटक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून ओरडलो, "चालू करतो रे!"

गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं. मी थोडा वेळ थांबलो, त्याला खाली उतरायला लागेल तेवढा, आणि मोटर लावली.