माझ्याच टेबलावरून गेलेली गाडी

राजारामपुरीतल्या एका शोरूममध्ये मी बावीस वर्षं गाड्या विकल्या. पत्ता विचारायला आत आलेल्या माणसाला मी गाडी विकलेली आहे. एकदा तर समोरच्या कंपनीच्या विक्रेत्यालाच विकली. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. तो माझ्याशी बोलत नाही, तुमच्याशी बोलेल.

मग कंपनीचं फर्मान आलं. यापुढं गाडी थेट कंपनीकडून, फोनवर बटण दाबून, सगळ्या मुलखात एकच किंमत. दिवाळीपर्यंत दोन्ही वाटा खुल्या. मालक दिवसभर बोटं मोडायचे, की गिऱ्हाईक आम्ही जमवलं आणि आता आम्हीच मधले दलाल ठरलो. मीही सुरात सूर मिसळायचो. पण आम्ही तरी कुठं धुतल्या तांदळाचे होतो? सीट कव्हर, विमा, गंज लागू नये म्हणून खालून मारायचा लेप. नंदीबैलावर चढत नाही एवढा साज आम्ही गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचो.

मालकांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. जुन्या गिऱ्हाइकांची घरं आपल्याकडं राहिली तर तुझं टेबल राहील. एकेक घर फोनवर गेलं. उरले पेठ वडगावचे अण्णा, माझ्याकडून चार गाड्या घेतलेले व्यापारी.

अण्णा आले ते पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला घेऊन. गाडी बघून झाली, चहा झाला, आणि तिनं शांतपणे विचारलं, "काका, किंमत तीच. मग तुमच्याकडून घेतली तर आम्हाला जास्तीचं काय?"

पंचगंगेच्या पुरात पाणी विकलं असतं असं हे तोंड. ते उघडायच्या आत तिनं मागच्या गाडीचं बिल पुढं ठेवलं. त्यात लेप होता. गाडीखाली मात्र लेपाचा थेंब नव्हता, हे तिला मेकॅनिकनं दाखवलं होतं.

मी अण्णांकडं बघितलं.

"मला ठावं हुतं की," अण्णा लेकीला म्हणाले. "निपाणीपुढं गाडी बंद पडली, तवा ह्यो माणूस भरल्या ताटावरनं उठून आलता. मी पैसं लेपाचं न्हाय, त्येचं दिलं." मग माझ्याकडं वळले. "पावणं, आता बंद पडली तर याल?"

एरवी मी विमानानं येतो म्हणालो असतो. पण नव्या नियमात गाडी कुठूनही घ्या, बिघाड कंपनीच्याच माणसांनी बघायचा. आम्ही हात लावला की वॉरंटी गेली.

"येईन अण्णा," मी म्हणालो. "पण नुसता उभा राहीन."

विकताना मी खरं बोललो, ते तेवढंच.

अण्णांनी गाडीच्या बॉनेटवर एकदा हात फिरवला. मग त्यांनी लेकीला फोनवरूनच घ्यायला सांगितलं. तिनं सगळं भरलं, शेवटचं बटण राहिलं, तेव्हा अण्णांनी तिच्या हातातला फोन काढून माझ्यापुढं धरला.

"तुमी दाबा. चार गाड्या तुमच्या हातनं आल्या, एकीला खरचटलं न्हाय. हातगुण हाय तुमचा."

मी दाबलं. कंपनीनं अभिनंदन केलं.

दिवाळीनंतर माझं टेबल उचललं, त्या जागी प्लास्टिकचं झाड ठेवलं. अण्णांची गाडी आली तेव्हा किल्ली द्यायला मी नव्हतो. अजून एकदाही बंद पडली नाही म्हणे.