साडूंची रोपं कोणी मारली

माझ्या साडूंइतकी बारक्या रोपांची नस ओळखणारा माणूस अख्ख्या पेठ रोडवर दुसरा सापडायचा नाही. हे वाक्य मी दोन वर्षांपूर्वी अकरा मुलांसमोर म्हणायला हवं होतं. तेव्हा मी गप्प बसलो. आता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी लिहून टाकतो आहे.

हे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. शहर संपतं तिथे त्यांचा मळा आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवरची रोपं वाढवून ते शेतकऱ्यांना विकतात. पण विकतात म्हणजे मुलीची पाठवणी करतात. गिऱ्हाईक ट्रे उचलायला लागलं की "उन्हात ठेवू नका, टेम्पोत वारा लागेल, पोचल्यावर फोन करा" हे सगळं दोनदा सांगतात. वाफ्यापाशी कोणी मोठ्यानं बोललं की तोंडावर बोट ठेवतात. एकदा मिरचीच्या रोपांचा ट्रे मांडीवर घेऊन रिक्षानं माझ्याकडे येत होते. द्वारका चौकात गाड्या तुंबल्या. रोपांना धूर लागतो म्हणून त्यांनी अंगातला शर्ट काढून ट्रेवर पांघरला आणि तसेच बनियनवर आमच्या नव्या विहीणबाईंसमोर येऊन उभे राहिले. वर त्यांनाच म्हणाले, "ताई, आधी यांना सावली दावा, माझं नंतर बघू." लग्नाच्या पंगतीत मी त्यांना चौथी जिलबी वाढायला गेलो, तर पानावर आडवा हात धरून म्हणाले, "बास अण्णा, मुळं कुजतील."

त्यांचा खरा आनंद मात्र रविवारी सकाळी. आसपासची अकरा मुलं मळ्यात जमायची आणि साडू त्यांना रोपाला वाढायला काय काय लागतं ते सांगायचे. सांगायचे कसले, करूनच दाखवायचे. रोपाला जागा लागते हे समजावताना त्यांनी अकराही जणांना एका बाजेवर बसवलं आणि हातात भेळ दिली. कोपर कोणाचंच हलेना, भेळ एकमेकांच्या डोक्यावर. "आता कळलं? दाट पेरलं की असं होतं!" मुळांना हवा लागते हे सांगताना सगळ्यांना एका गोधडीखाली घातलं. उजेडाचा धडा देताना खोक्यात ठेवलेलं रोप बाहेर काढलं. खोक्याच्या भोकाकडे मान वळवून ते पार वाकडं झालेलं होतं. "बघा, शेजारच्यांचा टीव्ही बघतंय!" मुलं हसून लोळायची. मावशी, म्हणजे माझी मेहुणी, आतून ओरडायची, "माझी गोधडी मातीत घालू नका हो!"

त्या हिवाळ्यात प्रत्येक मुलानं टोमॅटोचं एकेक रोप बियापासून वाढवलं होतं आणि रविवारी ते रानात लावायचं होतं. लावणीआधी चार दिवस रोपांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. रोप जरा मलूल होतं, पण खोड घट्ट होतं आणि उघड्या रानातलं ऊन सोसतं. नेमकं तेव्हाच हरसूलला नात्यातलं लग्न निघालं आणि मळा सांभाळायला मला बोलावलं. साडूंनी निघताना बजावलं, "अण्णा, पोरांची रोपं ताणावर हायेत. पाणी द्यायचं नाय. लय दया आली तर तोंड फिरवायचं."

मला पहिल्याच दुपारी दया आली. माना टाकलेली ती अकरा रोपं मला बघवेनात. सकाळ, दुपार, संध्याकाळ झारी चालवली. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून टॉनिक म्हणून मूठभर युरियाही घातला. रविवारी साडू लग्नाहून थेट आले, तेव्हा रोपं हिरवीगार उभी. ते जरा थबकले. "तोंडावर तेज जास्तच दिसतंय. पाणी नाय ना दिलं?"

"तुम्ही सांगितलं तसंच केलं," मी म्हणालो.

मुलांनी त्याच दिवशी ती रानात लावली आणि बुधवारपर्यंत अकराही रोपं बुडातून मऊ पडून आडवी झाली. आठवीतल्या एका मुलीनं साडूंना विचारलं, "काका, ताणानं रोप कणखर होतं म्हणाला होतात ना? मग मेली कशी?" पुढच्या रविवारी त्यांनी मुलांना बसायची सतरंजी अंथरलीच नाही, धडे बंद झाले. "मलाच कळंना झालंय अण्णा, पोरांना काय डोंबल शिकवू?" त्यावर मी काय म्हणालो असेन? "हल्ली हवामानच बिघडलंय."

दोन वर्षं मी ते हवामान वापरलं. गेल्या महिन्यात मळ्यात चहा पिताना ती रिकामी बाज दिसली आणि मी सगळं सांगून टाकलं. साडूंनी कप खाली ठेवला.

"युरिया किती?"

"मूठभर."

"कोणाची मूठ?"

मी हात पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट बघितला. "अरारारा! एवढ्यात एकरभर रान भागलं असतं!" मी शिव्यांची वाट बघत होतो, आणि हा माणूस उठून घराकडे पळत सुटला. "अगं ऐकलं का! माझं चुकलं नव्हतं! या अण्णांनी मारली, अण्णांनी!" मेहुणी पीठभरल्या हातांनी बाहेर आली आणि दोघं माझ्याकडे बघून पोट धरून हसली. पुढच्या रविवारी सतरंजी पडली. नवी चिल्लीपिल्ली आली. मला त्यांच्यात मांडी घालून बसावं लागलं आणि पाण्याच्या धड्याला साडूंनी बोट माझ्याकडे दाखवलं.

पण त्याआधी ते मला स्कूटरवर घालून त्या मुलीच्या घरी घेऊन गेले होते. ती आता दहावीत. दप्तर पाठीला, क्लासला निघालेली. मी सांगितलं. ती हसली नाही. "मला वाटायचं, मीच खोल लावलं. मी नंतर घरी काही लावलंच नाही," एवढं म्हणाली आणि मग मोठ्या माणसासारखं, "जाऊ द्या आजोबा," म्हणून सायकलवर बसली.

साडूंचं मन मोडलं हे मला माहीत होतं. अकरा मुलं आपापल्या घरी काय घेऊन गेली असतील, हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. तेव्हापासून आम्ही दारोदार जातो आहोत. स्कूटर साडू चालवतात, कबुली मी देतो. नऊ घरं झाली. दोघी बहिणी तेवढ्या राहिल्यात. त्यांच्या वडिलांची बदली झाली, कुठे ते कोणाला ठाऊक नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पोरींनो, तुम्ही रोपं अगदी बरोबर लावली होती.