दाते असलेली नाणी आणि माझा दादा

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी जैनथच्या शाळेत सहावीचा तास घेत होते. तास पूर्ण केला, हजेरी भरली, मग ऑटोत बसले. रडू आलं नाही. महिना उलटला, अजूनही आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं... मला ते जमणार नाही.

दादा आदिलाबादला तहसील कचेरीत कारकून होता. आमचे आईबाप बेला या आमच्या गावी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत. घरातला पहिला पगार त्याचा. आदिलाबादजवळच मावला गावात घर बांधलं आणि त्याला जुन्या ग्रीक-रोमन नाण्यांचा नाद लागला. तोही साध्यासुध्या नाण्यांचा नाही, कडेला करवतीसारखे दाते असलेल्यांचा. सीरियाच्या ग्रीक राजांची तांब्याची, रोमची चांदीची. आतपर्यंत चांदीच आहे हे दिसावं म्हणून रोमवाल्यांनी छिन्नीनं एकेक खाच पाडली असं काही जण मानतात, नक्की कुणालाच ठाऊक नाही, हे तो पाहुण्यांना तास तास सांगे. घरच्यांशी मात्र मोजकंच बोले.

माझे यजमान वारल्यावर पाच वर्षांच्या सुजाताला घेऊन मी त्याच्याकडे आले. त्यानं ठेवून घेतलं, हे खरं. आपण ओझं होऊ नये, त्याला बरं वाटावं म्हणून मी धडपडत असे. एकदा तो कचेरीत गेला असताना टेबलावर राहिलेलं एक हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं मी चिंचेनं आणि राखेनं घासलं, आई भांडी घासायची तसं. दात्यांच्या खाचांतून काडी फिरवली. नाणं लखलखलं. संध्याकाळी मोठ्या कौतुकानं त्याच्या हातात दिलं.

"काऊन हात लावला?"

"दादा, मळलं होतं ते..."

"दोन हजार वर्साचा रंग होता तो! मारून टाकलं तुनं त्याले. निंग घरातून."

"अवो, लहान पोरगी हाय तिच्यासंगं," वहिनी म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. शेवटच्या बसनं आम्ही मायलेकी बेल्याला गेलो.

तो हिरवा थर पुन्हा येत नसतो, हे मी नंतर वाचलं. चूक माझीच होती, मोठी होती. पण सुजाताच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेले तर त्यानं ती फाटकातच घेतली, "बरं" म्हणाला, आणि आला नाही.

शेवटच्या आजारात आठ दिवस मी दवाखान्यात त्याच्याजवळ होते. निघताना विचारलंच, "दादा, त्या दिवशी आमी कुठं जाऊ, हे तुह्या मनात आलं नाही का?"

त्यानं डोळे मिटून बराच वेळ आठवून पाहिलं.

"नाही आलं," म्हणाला.

खोटं तरी बोलायचं...

परवा वहिनीनं त्याची नाण्यांची खोली उघडली आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं चहासुद्धा दारातूनच दिलेला. "तुमी जा ताई आत," म्हणाली. मी हात धरून तिला आत नेलं, त्याच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्चीच्या कडेला टेकली, पदर सावरून, उठायच्या तयारीत... दाराकडे बघत.