सगळ्यांच्या मागून

न्हावऱ्यात चहाच्या टपरीवर रोज भेटणारे आबा कधी कुणाच्या पुढे चालत नाहीत. मेंढरं विकून कांदा लावायला लागले त्याला कैक वर्षं झाली, तरी माणसांनाही ते मागूनच हाकतात. कुणी रेंगाळलं की जिभेनं 'टर्र' करतात.

आमच्या गायरानात युरेनियमची खाण काढायचं घाटतंय, म्हणून हरकत नोंदवायला गाव शिरूरच्या कचेरीवर निघालं. पुढाऱ्यांनी आधी फेटे मागवले, मग मला निवेदन लिहायला सांगितलं. मोर्चात एकानं हाक मारली, "आबा, पुढं या की, फोटो निघतोय!"

"तुमी व्हा पुढं. मागं कोण ऱ्हायलं त्ये बघाय नगं?"

कचेरीत साहेबांनी एकेकाची माहिती घेतली आणि शेवटी विचारलं, "आबा, गायरानाला लागून तुमची जमीन नाही, आता मेंढरंही नाहीत. तुमचं नुकसान काय?"

फेटेवाले माझ्याकडे बघू लागले. मी माझं चार पानी निवेदन चाळू लागलो.

आबा म्हणाले, "मेंढरं इकली, सायेब. रान न्हाई इकलं. पवना गवत अजून येतंय तितं. रोज सांजच्याला जाऊन बघतो मी. खाण झाली म्हंजी त्ये बी गेलं."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं.

आम्ही बाहेर पडलो. सगळे फाटकाबाहेर गेले, तरी आबा मागं वळून उभेच होते, अजून कुणीतरी यायचं राहिल्यासारखे. मी त्यांना हाक मारली नाही.