शाई नदीचा डोह आणि निमीचा कॉस्च्युम

आमचा पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला आणि माझी चिडचिड सुरू झाली. आठवडाभर पाण्यात न उतरलेली मी घरात कुणालाच परवडत नाही. शेवटी माझी नणंद मंजू म्हणाली, "वहिनी, तुला नदीत नेऊन सोडते, पण हे दारं आपटणं थांबव." किन्हवलीच्या अलीकडे शाई नदीच्या काठी एक शेतकरी जोडपं घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतं, हे तिला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. नोव्हेंबर संपत आला होता. पाऊस ओसरलेला, नदीला पाणी भरपूर पण संथ. शनिवारी सकाळी आम्ही डोंबिवलीहून निघालो.

गाडीने जाणार असाल तर कल्याण-मुरबाड रस्ता धरा. म्हारळपर्यंत जीव नकोसा होतो, रायत्याचा पूल ओलांडला की मोकळं वाटतं. मुरबाडच्या स्टँडजवळ मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पाव ताजा. सरळगावला डावीकडे वळून किन्हवलीचा रस्ता घेतला. खड्डे आहेत, घाई करू नका. दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं, खळ्यांवर भाताची झोडणी चाललेली. एका वळणानंतर मोबाइलची रेंज गेली ती गेलीच. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी आसनगाव स्टेशनला उतरून शहापूर गाठावं, तिथून किन्हवलीकडे एसटी मिळते.

यजमानांची नावं बाळूकाका आणि यमुनामावशी, दोघंही पन्नाशीच्या पुढची. राहणं-जेवण धरून दर अगदी माफक आणि दुपारचं जेवण असं की मंजूने बोलणंच बंद केलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. पोहायला आलोय म्हटल्यावर मावशींचा वाढता हात थांबला. काका म्हणाले, "कडेकडेनं पोवा. मधी खोल हाय."

घरामागून उतरलं की लगेच डोह. काळसर हिरवं पाणी, पलीकडे करंजांची दाट सावली. एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. नदी इतकी जवळ असून काठावर ना कपडे धुण्याचा दगड, ना गुरांची पायवाट. मावशी घरचे कपडे वरच्या हातपंपावर धूत होत्या.

पाणी मात्र गार आणि सुंदर होतं. आम्ही तासभर पोहलो. मावशी काठावर उकिडव्या बसून होत्या. एकदाही त्यांनी नजर हलवली नाही. बाहेर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "दोगीच ना? तिसरं कोन नाय ना आत?"

मंजू हसली. मावशी हसल्या नाहीत.

नेहमी वाचणाऱ्यांना माझं पोहण्याच्या कॉस्च्युमचं वेड ठाऊक आहे. नदी असो की तलाव, बाहेर आल्याबरोबर कॉस्च्युम साध्या पाण्यात बुडवून काढायचा. पिळायचा नाही. टॉवेलवर पसरून गुंडाळी करायची, तळव्यांनी दाबायची आणि सावलीत आडवा वाळत टाकायचा. ऊन, गरम पाणी आणि पिळा हे इलास्टिकचे तीन वैरी. म्हणून माझा जांभळा कॉस्च्युम सहा वर्षं झाली तरी अंगाला घट्ट बसतो. हातपंपाशी माझं हे सगळं चाललेलं मावशी बघत होत्या.

"एवढ्याशा कापडाचं एवढं करायचं असतं?"

"केलं तर टिकतं, मावशी."

त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत काळा-निळा कॉस्च्युम, बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. घडीवर घडी चिकटलेली. मी तो उलगडायला गेले तर वाळलेल्या पानासारखी कुरकुर झाली आणि काखेच्या कडेचं इलास्टिक भुगा होऊन माझ्या बोटांना लागलं. बंद पिशवी, पत्र्याची ट्रंक, वर डांबरगोळ्या. याहून वाईट जागा कॉस्च्युमला सापडली नसती.

"निमीचा," मावशी म्हणाल्या. "माजी पोर. शाळेतून जिल्ह्याला पोवायला गेलती, तवा बाईंनी दिलेला. दिवाळीला घरी आली अन् सकाळची डोहात उतरली. हाच होता अंगावर." रिकामी पिशवी मुठीत धरून त्या म्हणाल्या, "धुतलाच नाय मी कदी. तिचा वास जाईल म्हनून. आता वास बी नाय राह्यला. ताई, वाचंल का हा?"

ज्या डोहात आम्ही तासभर खिदळत होतो, तोच तो डोह. मंजूने माझा हात धरला. खरं उत्तर 'नाही' हे होतं. मेलेलं इलास्टिक कशानेही परत येत नाही. पण त्या बाईच्या तोंडावर ते म्हणणं मला जमलं नाही. मी बादली भरली आणि कॉस्च्युम हलकेच पाण्यात सोडला.

पाणी लगेच राखाडी झालं. मऊ, बारीक गाळ. बादली ओतली, दुसरी भरली. तीही राखाडी. तिसरी, चौथी. एवढ्याशा कापडात इतका गाळ मावणार कुठे? मंजू पंप मारत राहिली, मी ओतत राहिले, मावशी बघत राहिल्या. किती बादल्या झाल्या ते आम्ही मोजणंही सोडून दिलं. शेवटी एकदाचं पाणी नितळ झालं. मी कॉस्च्युम टॉवेलात दाबून ओसरीच्या दोरीवर माझ्या कॉस्च्युमशेजारी टाकला.

दिवेलागणीला वाळला का बघायला गेले. माझा जवळजवळ वाळला होता. निमीचा ओला होता आणि खालच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाण्याचा डाग पसरत होता. सहज म्हणून मी त्याची कड ताणली. ती ताणली गेली आणि परत जागेवर आली. पुन्हा ताणली. नव्यासारखी. दुपारी जिचा भुगा माझ्या बोटांवर होता, तीच ही कड. मी मंजूलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्ही तेव्हाच निघालो असतो, आणि पुढे जे झालं ते पाहता बरंच झालं नाही सांगितलं.

उजाडताना मंजूने मला हलवलं. "वहिनी, दोरीवर तुझा एकटाच आहे. आणि मावशी घरात नाहीत."

नदीवर धुकं होतं. डोहाच्या कडेला पोचेपर्यंत काहीच दिसेना, फक्त आवाज येत होता. मावशींचा. कौतुकाने, जरा दटावत, लहान पोराला शिकवतात तसा.

"हात मार. असं. पाय हालव गो, पाय हालव."

मग त्या दिसल्या. नेसत्या लुगड्यानिशी गळ्यापर्यंत पाण्यात. पुढे धरलेल्या दोन्ही हातांत कॉस्च्युमचे पट्टे. आणि कॉस्च्युम रिकामा नव्हता. पाठ फुगलेली, खांदे भरलेले, पाण्यावर पालथं पोहणाऱ्या मुलीसारखा तो पुढे सरकत होता आणि मावशी त्याच्यामागे एकेक पाऊल आत जात होत्या. पाणी भरलं की कापड फुगतं, हे मला कळतं. हे वाक्य त्यानंतर मी स्वतःला खूप वेळा ऐकवलंय.

मंजू काकांना हाका मारत वर धावली. मी अंगातल्या कपड्यांनिशी उडी घेतली. मी पोचले तेव्हा मावशींचे पाय सुटले होते. नाकातोंडात पाणी जात होतं, तरी त्या हसत होत्या. मी मागून काखेत हात घालून त्यांना ओढलं. त्या येईनात. पट्टे सोडेनात. मुठी सोडवायला मी एक पट्टा पकडला आणि मला ओढ लागली.

नदी डावीकडून उजवीकडे वाहते. ती ओढ डावीकडे होती. प्रवाहाच्या उलट, एकसारखी, हात धरून खेचणाऱ्या माणसासारखी.

"मावशी, सोडा!" मी ओरडले. "काका वर एकटे आहेत! सोडा तिला!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं. मग त्यांनी आपणहून मुठी उघडल्या. "जा," त्या म्हणाल्या. "जा गो बाय." काळा-निळा आकार पाणी कापत धुक्यात शिरला. पुन्हा मला तो दिसला नाही.

काका दोर घेऊन आले तेव्हा आम्ही कडेच्या चिखलात बसलो होतो. त्यांनी बायकोच्या अंगावर घोंगडी टाकली, शेजारी बसले आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडले. मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दुपारी काकांनी मावशींच्या बहिणीला सोबतीला बोलावून घेतलं. ती येईपर्यंत आम्ही थांबलो.

परतीला शहापूरवरून आलो. रस्ता लांब पडतो, पण नाशिक हायवे लागला की गाडी पळते. शहापूरच्या बाजारात चहा घेतला. समोर माणसं भाजी निवडत होती, रिक्षावाले भांडत होते. मंजूने कपाकडे बघत विचारलं, "तुलाही ओढ लागली ना?" तिने काठावरून माझा हात ताणलेला पाहिला होता. मी मान डोलावली.

तुम्ही जावं का? जा. माणसं फार चांगली आहेत आणि त्या बिरड्याची चव मी विसरणार नाही. डोहात मात्र उतरू नका.

गेल्या आठवड्यात काकांचा किन्हवलीहून फोन आला, मावशीही सोबत होत्या. मावशी आता जेवतात, बोलतात, रोज नदीवर जाऊन कपडे धुतात. मग मावशींनी फोन घेतला. "ताई, मला पोवायला शिकवाल?" मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हटलं. कल्याणच्या तलावात या, माझ्याकडे राहा, कॉस्च्युम मी घेते.

"कल्यानला नको. हितंच," त्या म्हणाल्या. "अन् घेताना दोन घ्या. एक माज्या मापाचा, एक लहान. तिचा गेला ना."

मी दुकानात गेले. मोठ्या मापाचा एक घेतला. लहान मापाचा बराच वेळ हातात धरून उभी होते, दुकानदाराने मुलीचं वय विचारेपर्यंत. मग तो परत ठेवला. मावशींना मी शिकवणार आहे, डोहापासून लांब, उथळ धारेत, कमरेला दोर बांधून. पण आधी ओसरीत समोर बसून सांगायचं आहे की मी एकच आणलाय. हे फोनवर सांगण्यासारखं नाही.