लाल तोंडाची कंडक्टरीण

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. मोसंबीच्या पिशव्या, कांद्याची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्यांच्या मधून मधून घामानं निथळणारी माणसं. मी त्या गाडीवर कंडक्टर होते. तेव्हा पाटीवर औरंगाबादच लिहिलेलं असायचं. तिकिटाचं मशीन छातीशी धरून मी माणसांच्या अंगाला घासत मागं जायची आणि तशीच पुढं यायची. कुणाच्या तोंडाला तंबाखूचा वास, कुणाच्या धोतराला शेणाचा. मला त्याचं काही वाटत नसे. नोकरीत मुरलं की नाक आपोआप मिटतं.

किळस काय असते ते मला माझ्या स्वतःच्या तोंडानं दाखवलं.

पस्तिशी उलटली आणि गाल तापायला लागले. स्टँडवरचा गरम चहा प्याले की गालांवर कुणी तवा धरल्यासारखं व्हायचं. उन्हात चालले की तसंच, जेवणात ठेचा खाल्ला की तसंच. आधी लाली यायची आणि तासाभरानं उतरायची. पुढं ती उतरेनाशी झाली. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल बारीक शिरा दिसायला लागल्या, पेनानं रेघोट्या ओढल्यासारख्या. मग गालांवर आणि हनुवटीवर पुळ्या उठल्या. वयात येणाऱ्या पोरींच्या पुटकुळ्यांसारख्या दिसायच्या, पण मी काही वयात येत नव्हते. डोळ्यांत सारखी माती गेल्यासारखं खुपायचं. सकाळी उठले की उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग असायचे. तो अभ्रा मी दोन बोटांनी उचलून बादलीत टाकायची, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

उष्णता असेल म्हणून मी सब्जा प्याले, मुलतानी माती लावली. लिंबू चोळलं, तेव्हा तर डोळ्यांतून पाणी आलं. तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला माझ्या तोंडाबद्दल बोलायचा हक्क मिळाला होता. "बाई, गोमूत्र लावा." "बाई, पोट साफ नाय तुमचं." "बाई, कुणाची तरी नजर हाय ही." मी हसून "व्हय" म्हणायची आणि पुढच्या सीटवर जायची.

एकदा आडूळला एक माणूस चढला. त्याच्या तोंडाला दारूचा असा भपकारा होता की शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. मी तिकीट फाडलं, मशीनमधून. त्यानं माझ्या नाकाकडं, गालांकडं नीट पाहून घेतलं आणि हळूच, आपल्यातल्याच माणसाला विचारावं तसं विचारलं, "म्याडम, तुम्ही बी घेता व्हय?" आणि डोळा मारला. त्याचे दात काळे होते आणि ओठांच्या कोपऱ्यात पांढरं थुंक साचलेलं होतं. आयुष्यात मी दारूच्या बाटलीला हात लावलेला नाही. त्याच्या डोळा मारण्यातली ती ओळख, ती भाईबंदी, तिची मला जी शिसारी आली ती अजून अंगावर येते.

घरी नवरा काही बोलत नसे. वाळूजला कंपनीत तो शिफ्टवर असायचा, मी गाडीवर, त्यामुळं बोलायला वेळही कमी. एक दिवस बघितलं तर त्याचा टॉवेल आमच्या नेहमीच्या खिळ्यावर नव्हता. दाराच्या मागं नवा खिळा ठोकून त्यावर लटकत होता. मी विचारलं, "टॉवेल तिकडं का नेला?"

"तिथं वारा लागतो, लवकर वाळतो," तो म्हणाला.

दाराच्या मागं कसला आलाय वारा?

माझी मोठी ननंद मुकुंदवाडीत घरातच पार्लर चालवायची. तिनं माझं तोंड पाहिलं आणि हनुवटी धरून उजेडाकडं वळवलं. "वैनी, असं तोंड घेऊन तू गावभर फिरतीस? थांब." तिनं आतून एक पांढरी डबी आणली. डबीवर काही लिहिलेलं नव्हतं. मेडिकलमधून आणलेल्या तीन नळ्या आणि एक कोल्ड क्रीम असं वाटीत घेऊन ती चमच्यानं घोटायची आणि अशा डब्यांत भरायची. तिच्याकडं येणाऱ्या निम्म्या बाया ते न्यायच्या. "रोज झोपताना लाव. आठ दिवसांत तोंड दुधावानी व्हतंय बघ."

आणि झालं. खरंच झालं. पुळ्या बसल्या, लाली गेली, गाल मऊ झाले, रंगही उजळला. डेपोतल्या बायका विचारायला लागल्या, काय लावतेस म्हणून. नवऱ्याचा टॉवेल गुपचूप माझ्या टॉवेलच्या शेजारी आला. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या टॉवेलकडं बघून मला नवऱ्याचीच घाण वाटली, पहिल्यांदा.

चार-सहा महिने असे गेले. मग कातडी पातळ दिसायला लागली, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. शिरा पहिल्यापेक्षा जास्त उठल्या. गालांवर बारीक लव वाढली. एखादा दिवस क्रीम राहिलं की तोंडाला आग लागायची, पाणी लावलं तरी झोंबायचं. मी ननंदेला सांगितलं. ती म्हणाली, "सुटलं की असंच व्हतं. तू दोनदा लाव." मी दोनदा लावलं. मग तीनदा.

त्याच दिवसांत तिच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मी रजा काढून कामाला गेले. सकाळपासून शेगडीपुढं पुऱ्या तळल्या आणि त्या धगीनं तोंड असं काही फुललं की माझं मलाच ते जड वाटायला लागलं. पाहुणे पंगतीला बसले. मी ताट घेऊन उठले तर ननंद दारात आडवी आली. "वैनी, तू वाढायला पुढं येऊ नको. पाव्हणे नवे हायेत, जेवण जाणार नाय त्यांना."

"ताई, हे तुमच्याच क्रीमनं झालंय," मी म्हणाले.

"माझं क्रीम शंभर बाया लावतात. तुझंच रगत खराब हाय." तिनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

मी तळलेल्या पुऱ्या पाहुण्यांना चालल्या. मी चालले नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मला सोयगावच्या गाडीवर ड्युटी लागली. ड्रायव्हर जुने होते, मूळचे सोयगावकडचेच, मी त्यांना मामा म्हणायची. उन्हाळा होता. अजिंठ्याचा घाट सुरू झाला आणि वळणावळणांनी एक बाई बेजार झाली. चांगली धट्टीकट्टी, अंगावर भारी साडी. तिला खिडकीपर्यंत पोचता आलं नाही. सगळं तिच्या मांडीवर, सीटवर, खाली माझ्या चपलांपर्यंत. गाडीत आंबूस वास भरला. लोक ओरडायला लागले. मामांनी गाडी बाजूला घेतली. मी रस्त्याकडेची माती आणून त्याच्यावर टाकली, पुठ्ठ्यानं ओढून काढलं. माझी पाण्याची बाटली उघडली, वाकून तिच्यापुढं धरली. "घ्या मावशी, चूळ भरा."

तिनं वर बघितलं. तिच्या हनुवटीला ओकारी लागलेली होती, शितं दिसत होती. माझं तोंड बघून ती मागं सरकली आणि हातानं बाटली लोटून दिली. "नको, नको. तुमच्या हातचं नको. काय रोग हाय काय माहीत."

बाटलीतलं पाणी माझ्या खाकी शर्टावर सांडलं. गाडीतल्या एक-दोघांनी तर, बाई बरोबर बोलली, अशा माना हलवल्या. ज्या बाईची घाण मी हातानं काढली होती तिला माझी घाण वाटत होती, आणि मला तिची, आणि त्या सगळ्या गाडीची, आणि सगळ्यांत जास्त माझ्या खांद्यांवरच्या त्या तापलेल्या गोळ्याची. मी खाली उतरून मागच्या चाकापाशी उभी राहिले आणि मलाच उलटी झाली.

मामा खाली आले. आपल्या डब्याच्या पिशवीतली बाटली मला दिली. म्हणाले, "बाई, आता लई झालं. मेडिकल नको, पार्लर नको, नवस बी नको. उद्याच्याला चामडीच्या डॉक्टरकडं जा. इंजिन बिघडलं तर आपण बोनेटला रंग लावतो का?"

शहरातली ती डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान होती. तिनं भिंग लावून माझं तोंड तपासलं, आणि हात मागं न घेता तपासलं. कित्येक महिन्यांत कुणी माझ्या गालाला असं बिनधास्त बोट लावलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "काय काय लावलंत?" मी पिशवीतून डबी काढली. तिनं झाकण उघडून आत बघितलं आणि लगेच लावून टाकलं.

"हे कुणी दिलं?"

"घरातल्याच माणसानं."

"तुम्हाला रोझेशिया आहे," ती म्हणाली. "खूप जणांना असतो. चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्या लवकर फुलतात. ऊन, धग, तिखट, गरम पेय, मनस्ताप, कशानंही भडकतो. हा घाणीनं होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. या डबीत स्टिरॉइड आहे. ते सूज दाबतं म्हणून आधी छान वाटतं. पण आतून कातडी पातळ करतं आणि हा आजार आणखी पेटवतं."

"कायमचा जाईल का?"

"मुळापासून जाईल असं खोटं सांगत नाही. पण ताब्यात राहतो. डबी आजपासून बंद. बंद केल्यावर आधी वाढेल, तेव्हा घाबरून पुन्हा लावू नका."

तिनं काही आठवडे घ्यायच्या कॅप्सूल लिहिल्या, उन्हापासून वाचवणारं क्रीम लिहिलं, आणि तोंडाला लावायचं एक मलम. मलम कशासाठी ते सांगताना ती म्हणाली, की कातडीच्या छिद्रांत अगदी बारीक किडे राहतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि रोझेशिया असलेल्यांत ते जरा जास्त असतात.

"किडे?" मी दोन्ही हात गालांवरून लांब धरले. "माझ्या तोंडात किडे?"

"माझ्याही चेहऱ्यावर आहेत," ती शांतपणे म्हणाली. "मोठ्या माणसांत जवळपास सगळ्यांच्याच असतात."

परतीच्या रिक्षात मी समोरून येणाऱ्या माणसांची तोंडं बघत होते. पावडर लावलेली, दाढी केलेली, कुंकू रेखलेली. सगळ्यांच्या गालांत ते वळवळत असणार. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी रुमाल काढून नाकातोंडावर धरला.

डबी सोडल्यावरचे ते दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. तोंड सुजलं, डोळ्यांच्या फटी राहिल्या. पुळ्यांतून पाणी झिरपायचं आणि वाळून त्याची खपली व्हायची. मी रजेवर घरात बसून गार पाण्याच्या घड्या ठेवायची. आरशावर मी पेपर चिकटवला होता. डबी कचऱ्यात टाकलेली होती, तरी दोनदा ती काढायला उठले. एकदा नवरा ताट माझ्यापासून लांब ओढून जेवायला बसला, तेव्हा माझा बांध सुटला.

"तुमच्या बी तोंडावर किडे हायेत," मी म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलंय. सगळ्यांच्या असतात."

त्याचा घास हातातच राहिला. "मला कुठं काय झालंय?"

"होणार बी नाय. पण हायेत."

तो उठला आणि मोरीत जाऊन कपड्याच्या साबणानं तोंड धूत बसला. मी रडता रडता हसले. त्या महिन्यात तेवढंच.

हळूहळू उतार पडला. सूज गेली, पुळ्या गेल्या, डोळ्यांचं खुपणं कमी झालं. मी चहा गार करून प्यायला शिकले, ठेचा सोडला, ड्युटीवर रुमाल बांधायला लागले, बोनेटजवळ उभं राहणं टाळलं. गालांवर थोडी लाली आहे, शिराही आहेत. एखाद्या उन्हाळ्यात पुन्हा भडकतं, मग मलम लावायचं आणि वाट बघायची. लोक अजून विचारतात. मी आता हसत नाही. "रोझेशिया," म्हणते आणि तिकीट देते.

बरी झाल्यावर मी ननंदेकडं गेले. ती वाटीत चमचा घोटत होती. समोर तिची मुलगी, माझी भाची, केस बांधून बसलेली, गालांना पांढरं फासलेलं. लग्न महिन्यावर आलं होतं. मी डॉक्टरचं सगळं सांगितलं. ननंदेनं चमचासुद्धा थांबवला नाही. "तुला मानवलं नाय म्हणून सगळ्यांनी काळं राहायचं का?" भाची आरशातून माझ्याकडं बघत राहिली.

लग्नानंतर पुढच्या उन्हाळ्यात ती माझ्या गाडीत चढली. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये. गाडी रिकामी झाल्यावर तिनं गाठ सोडली, आणि मला माझंच तोंड दिसलं. वीस-बावीस वर्षांची पोर. "मामी, सासू म्हणती की आम्हाला फसवून पोरगी दिली."

मी तिला त्याच डॉक्टरकडं नेलं. तिचं माझ्यापेक्षा लवकर आटोक्यात आलं, तरी ते पहिले आठवडे तिनं माझ्या घरी, माझ्या खोलीत काढले. ननंद त्या काळात फिरकली नाही. भाचीचे गाल निवळल्यावर एका दुपारी आली, लेकीची हनुवटी धरून, तशीच उजेडाकडं वळवून, बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल. निदान काही तरी म्हणेल.

"डाक्टरनं मलम कोणतं दिलंय गं?" तिनं विचारलं. "नळी दाखव. आपल्या क्रीममध्ये घातलं तर चांगलं चालंल."

भाचीनं खाटेवरची नळी उचलली, पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. मी उठून दार उघडलं आणि ननंद बाहेर जाईपर्यंत धरून उभी राहिले.