वरच्या मजल्याचं पाणी

तुमचे आजोबा काटकसरी आहेत, हे तुम्हाला तिकडे बसून कळायचं नाही. विश्रांतवाडीच्या आपल्या घराचा वरचा मजला भाड्याने दिला, तेव्हाही त्यांनी हा बाणा सोडला नाही. करार रजिस्टर करायला खर्च येतो, म्हणून जुन्या कराराची झेरॉक्स काढून तिच्यावर नोटरीचा शिक्का मारून आणला.

"अहो, नोंदणी करावी लागते," मी म्हटलं.

"कायदा मला शिकवू नकोस. पस्तीस वर्षं नोकरी केली आहे."

नोकरी पाटबंधारे खात्यात केली होती. पण अनुभव तो अनुभव.

भाडेकरू यवतमाळकडची एक बाई. हडपसरला कारखान्यात कामाला, मुलगी दहावीत. कागदावर मुदत अकरा महिन्यांची, म्हणजे परीक्षेच्या आधीच संपणारी. सही करताना तिने विचारलं, "काका, पोरीची परीक्षा होईपर्यंत राहू द्यान ना?" आजोबा माझ्या हातचा चहा घेत उदारपणे म्हणाले, "खुशाल राहा." ते कागदावर लिहायचं मात्र राहून गेलं.

मुदत संपत आली आणि एक कंपनी आपल्या इंजिनिअरांसाठी तोच मजला जास्त भाड्याने मागू लागली. आजोबांनी बाईला आठ दिवस दिले.

"काका, तुम्हीच बोलले होते," ती म्हणाली.

"कुठे लिहिलंय, दाखवा."

चौथ्या दिवशी वरचं पाणी बंद झालं. दुरुस्ती चालू आहे, असं आजोबांनी जाहीर केलं. दुरुस्ती म्हणजे गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद, आणि खाली आजोबा पेपर वाचताहेत.

बाई दोन बादल्या घेऊन खाली आली. "काकू, आठ दिवसांत मले घर कुठं भेटन? पोरगी अभ्यास कुठं करन?"

मी बादल्या भरून दिल्या. दुसऱ्या दिवशी कपाटातली 'वरचा मजला' असं लिहिलेली फाइल काढली आणि आम्ही दोघी रिक्षाने शिवाजीनगरच्या कोर्टात गेलो. तिथे बायकांना, उत्पन्न कितीही असो, वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. मोफत म्हटल्यावर आजोबांचीही हरकत नसावी, म्हणून त्यांना विचारलं नाही.

वकील बाई तरुण होत्या. कागद बघून म्हणाल्या, "करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्यांनी नोंदवला नाही, तर अटींबाबत तुमचं म्हणणं खरं धरतात. ते खोटं ठरवायचं काम त्यांचं. पाणी तोडता येत नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढता येत नाही. काढलंच, तर सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागायचा. परीक्षेचं बोलणं झालं, तेव्हा आणखी कोण होतं?"

"मी," मी म्हटलं.

"आपण कोण?"

"मालकांची बायको."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, आपण नक्की कोणाच्या बाजूने आलात?"

"चहा मीच केला होता," मी म्हटलं.

रात्री जेवताना आजोबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तू माझ्याविरुद्ध साक्ष देणार?"

"विरुद्ध कशाला? तुम्ही जे बोललात तेच सांगणार. मोठ्या मनाचे दिसाल."

ते आमटी ओरपत राहिले. मग म्हणाले, "कोर्टात किती दिवस लागतात?"

"तोवर ती मुलगी पदवीधर होईल."

हात धुऊन ते गच्चीवर गेले. थोड्या वेळाने वरच्या मोरीत बादली भरल्याचा आवाज आला. खाली येऊन म्हणाले, "झाली दुरुस्ती."

कंपनीला त्यांनी नकार कळवला. रविवारी नवा करार नोंदवायला एक एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. बाई समोर बसली होती. एजंटाने विचारलं, "काका, मुदत कधीपर्यंत टाकू?"

मी फाइल लावत होते, मान वर केली नाही.

"शेवटचा पेपर कधी, ते यांना विचारा," आजोबा म्हणाले. "आणि वर पंधरा दिवस टाका. सामान हलवायला लागतात."

पंधरा दिवसांचं मी काहीच बोलले नव्हते.